हौस आणि हौद

परसातल्या हौदात मासे सोडणाऱ्याला वाटतं, आपण मासे पाळले. प्रत्यक्षात तो जिवाणू पाळत असतो. मासे ही त्यांच्या जेवणाची सोय. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. जिवाणूंची एक जमात या विषारी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषारीच. मग दुसरी जमात त्याचं नायट्रेट करते, जे त्या मानाने निरुपद्रवी आणि कमळाला खत म्हणून चालणारं. या दोन्ही जमातींना नव्या हौदात बस्तान बसवायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. मालकाला मात्र शनिवारी मासे आणून रविवारी पाहुण्यांना दाखवायचे असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की हौदातल्या पाण्यात सर्वांत घातक रसायन असलंच, तर ते मालकाचा उत्साह.

पुरावा म्हणून सामू, म्हणजे पीएच घ्या. रात्रभर मासे, शेवाळ, जिवाणू सगळेच श्वास सोडतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पहाटे सामू तळाला जातो. उन्हं चढली की शेवाळ तोच वायू ओढून घेतं आणि दुपारी सामू वर चढतो. हिरव्यागार हौदात सकाळचा साडेसात चारच्या सुमारास नऊपर्यंतही पोचतो. उत्साही मालक सकाळी थेंब टाकून रंग पाहतो, ‘कमी आहे’ म्हणून वाढवायचं औषध ओततो. दुपारी पुन्हा पाहतो, ‘जास्त झाला’ म्हणून उतरवायचं. दोन्ही औषधं माशांच्या वाट्याला येतात, समाधान मालकाच्या. यात गंमत कमी आणि धोका जास्त, कारण सामूतला एक अंक म्हणजे दहापट फरक. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर अमोनियाचा जहाल भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. ९ झाला, की तो एक तृतीयांशाच्या वर जातो. अमोनिया तेवढाच, पण सुधारणेच्या नादात त्याला धार लावून दिलेली. हे चढउतार आवरते ती पाण्याची क्षारता. मोजायची तर ती मोजावी आणि फारच कमी भरली, तर चिमटी-चिमटीने खायचा सोडा घालावा.

यावर कोणी म्हणेल, गावतळ्यात कोण सामू मोजतो? कोणीच नाही, पण तिथे पाणी अफाट आणि मासे विरळ. हजार लिटरच्या हौदात पंचवीस गोल्डफिश दाटीवाटीने राहतात आणि दिवसातून पाच वेळा जेवतात, कारण दिसेल त्याला खायला घालणं हा आपला आतिथ्यधर्म. दुसरा म्हणेल, पाणी तर आरशासारखं नितळ आहे! अमोनियाला रंग नसतो. नितळ पाण्यात मासे मरतात आणि हिरव्या पाण्यात सुखाने पोसतात, हे सौंदर्यदृष्टीला पटत नाही, पण आहे असं. हीच दृष्टी दिवाळीच्या तोंडावर फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख धुते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मग महिनोन्‌महिने जमलेल्या जिवाणूंची वस्ती साफ करतो. स्पंज हौदातल्याच पाण्यात बादलीत पिळावा, थोडा मळकट राहिला तर राहू द्यावा.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त: मग काहीच करायचं नाही का? करायचं, पण थोडं आणि कंटाळवाणं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य घालायचं. पाणी बदलायचं ते थोडं थोडं. नळाचं असेल तर क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारून, कारण क्लोरामाइन असलं तर नुसतं पाणी साठवून ते उडून जात नाही. चाचणी दर वेळी एकाच वेळेला करायची. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं, तर खाद्य थांबवून पाव हिस्सा पाणी बदलायचं. बाकी आकडा मनासारखा नाही म्हणून हात शिवशिवत असतील, तर औषधांच्या कपाटाची किल्ली घरातल्या सर्वांत आळशी माणसाकडे सोपवावी. या कामाला त्याच्याइतका लायक माणूस घरात दुसरा नसतो.