कोलारला कळवण्यात येते की…

आमच्या राजाजीनगरात सकाळी कचऱ्याची गाडी आली की ‘हसी कसा’ (ओला कचरा) वेगळा आणि ‘ओणा कसा’ (सुका) वेगळा द्यायचा असतो. दिला की आपण पुण्यवान. पुढे तो कुठे जातो, हा प्रश्न 2012 मध्ये तो कचरा झेलणाऱ्या मावळ्ळीपुरा गावाने नाक मुरडेपर्यंत इथे कुणाला पडला नव्हता. मग रस्तोरस्ती ढीग लागले आणि अख्ख्या बंगळुरूला एकाएकी भूगोल आठवला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, इथून शंभरेक किलोमीटरवरच्या कोलार गोल्ड फील्ड्समध्ये (केजीएफ) लोकांनी पेपर उघडला आणि चहा गार झाला. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता. वापरलेल्या इंधनाचं शेवटी काय करणार, या प्रश्नावर सरकारी बाजूने उत्तर आलं होतं: कोलारच्या बंद खाणी आहेत की! न्यायमूर्तींना कळलं, वकिलांना कळलं. फक्त ज्यांच्या पायाखाली पुरायचं, त्यांना कळवायचं राहून गेलं. बंद झाला, रस्ते अडले. मग खुलासा आला की तसा काही बेत नाही, तिथे पूर्वी फक्त एक प्रयोग झाला होता.

आता गंमत पाहा, खुलाशातला प्रयोग खरा होता. ऐंशीच्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे सुमारे हजार मीटर खोल हीटर लावून, उष्णतेने खडकाचं काय होतं ते तपासलं होतं. हीटर! हे कुणी आधीच चौकात उभं राहून कन्नडमध्ये, तमिळमध्ये सांगितलं असतं, तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते आणि घरी गेले असते. पण आपल्याकडे आधी गुपित, मग गोंधळ, मग खुलासा असाच क्रम असतो. खुलाशावर विश्वास ठेवायचा तो कुणी? केजीएफच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. सोनं गेलं, सायनाइडच्या मातीचे डोंगर राहिले. त्यांची धूळ आजही घरात येते. मागे उरलेलं कोण उचलतं, याचा अनुभव त्या गावाला पुस्तकातून घ्यावा लागलेला नाही.

वास्तविक सांगायला अवघड असं काय आहे? वापरलेल्या इंधनातून कामाचं युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतात, उरलेलं जहाल द्रव्य काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात आणि तारापूरसारख्या ठिकाणी गार करत, पहाऱ्यात ठेवतात. आकाराने फार नसतं, पण हजारो वर्षं सांभाळायचं असतं. म्हणून कायमची खोल जागा आज ना उद्या लागणारच. दोन्ही वाक्यं एका दमात बोलावीत. आपले साहेब पहिलं माइकवर बोलतात आणि दुसरं प्रतिज्ञापत्रात.

अशी जागा आपल्याकडे नको म्हणायचा चक्क नकाराधिकार फिनलंडच्या कायद्याने गावाला दिलाय. युराजोकी गावाच्या सभेत जानेवारी 2000 मध्ये मतदान झालं: 20 बाजूने, 7 विरोधात. तिथे आता खडकात बोगदे तयार आहेत. आणि आपल्याकडे? जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी माडबनला 2010 मध्ये जनसुनावणी झाली, तर मराठीतला अहवाल वेळेवर हातात पडला नाही, इथपासून तक्रारी. वाचायला न देता ऐकून घेण्याची ही कला फिनलंडला जमणार नाही.

माझी एक सूचना आहे. कैगाच्या अणुविजेतला वाटा कर्नाटकाला मिळतो. म्हणजे थोडाफार करंट आमच्याही मिक्सरात असणार. तेव्हा पुढची जाहीर सभा राजाजीनगरात, राममंदिराच्या मैदानावर घ्या. वीज जाळणाऱ्यांनाच विचारा, डबे तुमच्या वॉर्डात ठेवू का? खडकाची काळजी नको. लालबागेत वर दिसतो तो तीन अब्ज वर्षांचा आहे, आणि आमच्या गल्लीतला किती कठीण ते बोअरवेलवाल्याला विचारा.