पहिल्या पानाचे मुखत्यार

कडेगावच्या तहसील कचेरीभोवती अर्जनवीस, मुद्रांक-विक्रेते आणि कामावाचून सदैव कामात असलेली मंडळी यांचे जे जग वसलेले आहे, त्यात हल्ली एका गृहस्थांना विशेष प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. परवापरवापर्यंत सात-बाराचे ऑनलाइन उतारे काढून देणारे हे गृहस्थ आता, गुगलच्या पहिल्या पानाचे वतन आपल्याच घराण्यास इनाम मिळाले असावे अशा थाटात, त्यावरील पहिल्या क्रमांकाची हमी देत असतात. असा क्रमांक कोणीही हमखास मिळवून देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलने जाहीर करून ठेवले आहे; पण जाहीर सूचना वाचण्याची आपल्याकडे रीत नाही.

त्यांनी एका मंगल कार्यालयाची वेबसाइट सिद्ध केली, तेव्हा भटारखान्याचे छायाचित्र किंवा मालकाचा चालू दूरध्वनी क्रमांक असल्या क्षुल्लक बाबींत ते गुंतले नाहीत. ‘कडेगावातील सर्वोत्तम मंगल कार्यालय शोधत असाल तर कडेगावातील सर्वोत्तम मंगल कार्यालय हेच कडेगावातील सर्वोत्तम मंगल कार्यालय होय,’ या मजकुरातील केवळ गावाचे नाव पालटून त्यांनी विटा, पलूस व कराड यांची स्वतंत्र पाने निर्माण केली. आणि कृष्णा ओलांडून येणाऱ्या वऱ्हाडाला हे कार्यालय कराड एस.टी. स्थानकापासून ‘चालत पाच मिनिटांवर’ असल्याचे निःशंकपणे कळविले. मोहरमच्या सुमारास त्याच पानावर ‘गगनचुंबी ताबूत’ हे शब्दही प्रविष्ट झाले, त्यामुळे कडेगावच्या ताबुतांची माहिती शोधणाऱ्या भाविकांना ‘अनामत रक्कम कोणत्याही सबबीवर परत मिळणार नाही’ एवढेच ज्ञान झाले. पुढे मालकांच्या कन्येने पानाच्या तळाच्या कोऱ्या जागेवरून सहज माउस ओढला, तो पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दडविलेल्या ‘लग्न लग्न स्वस्त लग्न हॉल हॉल’ अशा ओळीच्या ओळी निळ्या पट्ट्यात उमटून आल्या!

पण त्यांची खरी हातोटी साक्षीदारांत. एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा ही त्याच्या लायकीची साक्ष समजावी, या तत्त्वावर गुगलचा डोलारा 1998 पासून उभा असल्याने, साक्ष आली तेथे विकतची साक्षही आलीच, हे कचेरीच्या सावलीत वाढलेल्या माणसास शिकवावे लागत नाही. जी लिपी तालुक्यात कोणास वाचता येत नाही, अशा लिपीतील जुगाराच्या संकेतस्थळांनी या मंगल कार्यालयाची मुक्तकंठाने शिफारस केलेली आहे.

गावोगावच्या त्या पानांसारख्याच, केवळ गुगलला भुलविण्यासाठी रचलेल्या बनावट दारांच्या पानांबद्दल 2006 साली बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळाला गुगलने यादीतून काढून टाकले होते, आणि 2012 च्या एप्रिलात ‘पेंग्विन’ नावाच्या फेरबदलाने विकतच्या दुव्यांची झाडाझडती घेतली, हे मी त्यांच्या कानी घातले. “म्हंजे बघा,” ते प्रसन्नपणे म्हणाले, “आपलं काम बीएमडब्ल्यूच्या तोडीचं हाय!”

यथावकाश ते कार्यालय, त्याचेच पूर्ण नाव टाइप केले तरी, सापडेनासे झाले. मालक संतापून आले असता, पूर्वी ज्या स्वरात ‘सर्व्हर डाऊन हाय’ म्हणत, त्याच स्वरात गृहस्थांनी ‘अल्गोरिदम फिरलाय’ असे सांगितले. गुगलकडे पुनर्विचाराची विनंती करण्याची सोय आहे, हे कळताच तर त्यांच्यातील अर्जनवीस जागा झाला. ‘मेहेरबान गुगलसाहेब यांचे सेवेशी, अर्जदार गरीब असून सदर चूक नजरचुकीने झाली आहे,’ असा मायना त्यांनी तत्काळ रचला आणि अर्जाची फी मूळ करारात धरलेली नसल्याने ती रोख मागितली.