चढावरचे चार उच्छ्वास

पुण्यात धनकवडीहून अप्पा बळवंत चौकात सायकलने जायला मला सकाळी पस्तीस मिनिटं लागतात. परत यायला किती लागतात याचा नक्की आकडा देता येत नाही, कारण घरी रोज वेगळा सांगितलेला आहे. अंतर दोन्ही वेळा तेच, आठ किलोमीटरच्या आतबाहेर. पण सातारा रस्ता स्वारगेटपासून कात्रजपर्यंत चढत जातो. हे मोटारीतल्या माणसाला जाणवत नाही, बसमधल्याला गर्दीमुळे जाणवत नाही आणि सायकलवाल्याने सांगितलं तर कुणाला पटत नाही. "चढ? सातारा रस्त्याला? काहीतरीच!" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे स्कूटर असते, हे मी पाहून ठेवलं आहे.

पेशव्यांना मात्र हा चढ बरोबर कळला होता. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. पाणी आपलं आपण चालत गावात यायचं. मीही रोज सकाळी असाच येतो. पायडल मारायचं ते केवळ लोकलज्जेस्तव. फरक एवढाच, की पेशव्यांच्या पाण्याला संध्याकाळी सहा वाजता परत कात्रजकडे जावं लागत नसे.

त्या नळावर ठिकठिकाणी हवा जायला-यायला दगडी मनोरे बांधले होते. त्यांना उच्छ्वास म्हणतात. संध्याकाळच्या वाटेवर माझेही तसे चार उच्छ्वास आहेत. पहिला लक्ष्मीनारायण टॉकीजपाशी. तिथे मी चेन तपासतो. दुसरा सिटी प्राइडसमोर, एका चहावाल्याकडे. तिथे मी सिनेमाची पोस्टरं अशा चिकित्सक नजरेनं पाहतो, की त्याला मी समीक्षक वाटत असेन. तिसरा पद्मावतीला, भाजीवालीपुढे. चौथा के. के. मार्केटपाशी, जिथे मी खिशातून फोन काढून कुणाशीही न बोलता "हो, हो, बोला" म्हणतो. पन्नाशीत एकच उच्छ्वास होता. आता मी त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि पाचव्यासाठी जागा पाहत होतो.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. निवृत्तीनंतरही एका प्रकाशकाकडे आठवड्यातून पाच दिवस जातो, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि परत येतो. ते परत येणं डाव्या गुडघ्याला मान्य होईना, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा लहान. म्हणाले, "काका, सायकल अजिबात सोडू नका, गुडघ्याला उत्तम. फक्त चढ टाळा." धनकवडीत घर असलेल्या माणसाला चढ टाळा सांगणं म्हणजे माशाला पोहा, पण ओलं होऊ नका म्हणण्यापैकी. तसं मी त्यांना म्हटलंसुद्धा. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

विजेच्या सायकलीचा विषय पहिल्यांदा काढला माझ्या पुतण्याने. तो हॉलंडात आइंडहोव्हनला असतो. "काका, इथं आता नव्या सायकली घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक इलेक्ट्रिकच घेतात," असं त्याने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तुझा तो देश पोळपाटासारखा सपाट. तिथं मोटर कशाला?" तर म्हणाला, "काका, इथं समोरून वारा असतो. वारा हाच आमचा चढ." जगात प्रत्येकाला आपापलं धनकवडी असतं, हे मला त्या दिवशी समजलं.

विरोधकही होतेच. सकाळी पर्वती चढणाऱ्या आमच्या टोळक्यात मी विषय काढला, तेव्हा एकजण थबकून म्हणाला, "ही शुद्ध फसवणूक आहे. मोटरच लावायची तर स्कूटर घे." हे गृहस्थ पर्वतीच्या पायथ्यापर्यंत मोटारीने येतात. तरी शब्द लागला. चाळीसहून जास्त वर्षं मी सायकलवर आहे. माझी पहिली आणि तोपर्यंतची एकमेव सायकल पहिल्या पगारातली, काळी, बावीस इंची, घोडा म्हणावी अशी. महापालिकेचा पितळी बिल्ला लावून फिरण्याचा, रात्री दिवा नसेल तर पोलिसाने धरण्याचा तो काळ. त्या दिव्यासाठी मागच्या चाकाला बाटलीएवढा डायनामो. तो चाकाला टेकवला की सायकल एकदम कुरकुर करायला लागायची आणि पायाला कळायचं, की प्रकाश फुकट नसतो.

रात्री झोप येईना म्हणून त्या डायनामोचा हिशेब मांडला. डायनामो ३ वॉटचा. रोज अर्धा तास म्हटलं तर दीड वॉट-तास. विजेच्या साध्या सायकलीची बॅटरी साधारण २८० वॉट-तासांची. म्हणजे एक बॅटरी भरायला माझ्या पायांना १८७ रात्री लागल्या असत्या. मी विजेला इतकी वर्षं पायाने कर्ज दिलं. आता म्हातारपणी ते हप्त्याहप्त्याने परत घेतलं, तर त्यात फसवणूक कसली? हा युक्तिवाद मी रात्री दीड वाजता हिला ऐकवला. ही म्हणाली, "अहो, झोपा. आणि घेतलीत तर हेल्मेट आणि आरसा लावल्याशिवाय जिना उतरायचं नाही."

दुकानात जाऊन किंमत ऐकली आणि घरी परतलो. माझ्या जुन्या सायकलीच्या किमतीत तिथे नुसता मडगार्डही आला नसता. मग जावईबापूंनी मध्यस्थी केली. त्यांच्याकडे एक होती. त्यांनी ती व्यायामासाठी घेतली होती आणि व्यायामाच्या इतर वस्तूंप्रमाणेच ती नवीकोरी होती. "बाबा, आठ दिवस वापरा, मग ठरवा."

सोबत मराठी माहितीपुस्तिका आली. ती वाचून मला खरा दम लागला. "बॅटरी ही मुलांना दूर ठेवते", "चालकाने बसण्याआधी उतरू नये", "पाऊस असल्यास सायकल बुडण्याचे टाळा". लाल पेन घेऊन मी अख्खी पुस्तिका तपासली, बावीस चुका काढल्या आणि तेवढ्यात सायकल कशी चालते हेही कळलं. मागच्या चाकाच्या मध्यात मोटर. हँडलवर एक, दोन, तीन असे मदतीचे नंबर. आपण पायडल फिरवलं की मोटर मदत करते; ताशी २५ किलोमीटरला ती हात काढून घेते. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग पंचविसाच्या आत असेल, तर कायद्याच्या लेखी हे मोटार वाहनच नव्हे. लायसन नको, नंबरप्लेट नको. धडधाकट माणूस सलग तासभर शंभरेक वॉटची ताकद लावू शकतो. माझ्यासारख्याचं त्याहून कमी धरा. म्हणजे या सायकलीत माझ्यासारखे निदान दोघे-तिघे लपून बसले होते आणि त्यांतल्या एकाचाही गुडघा दुखत नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी निघालो. उतार असल्यामुळे मोटरला कामच नव्हतं, पण हौस म्हणून एक नंबर दाबला. या स्वस्त जातीच्या सायकलीला पायडल फिरतंय एवढंच कळतं. जोर लावून फिरतंय की उगाच, हे कळत नाही. जोर ओळखणाऱ्या सायकली असतात, त्या बऱ्याच महाग. आमची आपली साधी : पाय हलला की निघाली. स्वारगेटपर्यंत ठीक. तिथून शिवाजी रस्त्याने मामलेदार कचेरी ओलांडून मंडईपाशी आलो. पुढे हातगाडी आडवी आली म्हणून थांबलो आणि सवयीने, पाय बरोबर जागेवर यावा म्हणून, पायडल अर्धा वळसा फिरवलं. माझ्या घोड्याला ही सवय माहीत आहे. हिला वाटलं, मालकाचा हुकूम. अर्धा क्षण विचार करून ती जी उसळली, ती थेट लिंबांच्या पाटीवर.

लिंबं रस्ताभर. बाई ओरडली, "ओ आजोबा! सायकल आवरा की!"

चाळीस लिंबं वेचताना मला लिंबांचं काही वाटलं नाही. आदल्या दिवशीपर्यंत याच मंडईत मला सगळे "काका" म्हणत होते. मोटर लागली आणि एका पिढीने वर सरकलो. धडा मात्र मिळाला. ब्रेकच्या दांडीला कळ असते. ब्रेक जरासा दाबला तरी मोटर बंद पडते. तेव्हा थांबलं की ब्रेक धरून ठेवायचा आणि पाय जमिनीला टेकेल इतकी सीट खाली घ्यायची. आमच्या वयाचे लोक वेगाने जाताना कमी आणि सायकलवर चढताना-उतरताना जास्त पडतात. तेव्हा घेणार असाल, तर मधली दांडी खाली वाकलेली, लेडीज म्हणतात तसली घ्या. लाज वाटेल, पण हाड मोडल्यावर वाटते त्याहून कमी.

कचेरीत बॅटरी किल्लीने काढून वर नेली. तिसरा मजला, वाड्याचा लाकडी जिना. शिपायाने विचारलं, "साहेब, आज डबा एवढा मोठा?" मालकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि वीज कुणाची जळणार, असं विचारलं. मी हिशेब दिला : पूर्ण भरायला युनिटचा तिसरा हिस्सा, फार तर तीन-चार रुपये. मालक काही बोलले नाहीत. महिन्याच्या शेवटी ते पगारातून किती कापतात, हे पाहायचं.

आणि मग संध्याकाळ. बाजीराव रस्त्याने विश्रामबागवाडा, शनिपार करत सारसबागेपाशी आलो, स्वारगेट ओलांडलं आणि दोन नंबर दाबला.

लहानपणी तासाच्या भाड्याची सायकल शिकताना थोरला भाऊ मागून कॅरियर धरून पळायचा. नेमकं तसंच वाटलं. पाय चालत होते, श्वासही थोडा लागत होता, बोलता येईल इतकाच. पण चढ कुठे गेला ते कळेना. लक्ष्मीनारायण आलं आणि गेलं. चेन तपासायची राहिली. सिटी प्राइड आलं. पोस्टरं पाहिलीच नाहीत. पद्मावतीच्या अलीकडे घट्ट कपडे, डोळ्यांना चिकटलेला चष्मा, हलकी परदेशी सायकल अशा एका तरुणाला मी मागे टाकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या चाकाकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर परत रंग आला. पुढच्या सिग्नलला हवालदाराने हात केला. मी कायदा तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. ते म्हणाले, "ते माहितंय हो. केवढ्याला पडली? माझ्या वडलांना पायजे."

घरी नेहमीपेक्षा पंचवीस मिनिटं आधी पोचलो. हिने दार उघडून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग हातातली पिशवी पाहिली. "कोथिंबीर?"

कोथिंबीर तिसऱ्या उच्छ्वासावर मिळत असे. गेली सहा-सात वर्षं आमच्या घरातली भाजी माझ्या धापेवर चालली होती, हे त्या संध्याकाळी उघड झालं. चौथ्या दिवशी चहावाल्याने रस्त्यातच हात करून थांबवलं : "बरं नव्हतं का?"

त्याच चौथ्या दिवशी दुसरंही झालं. आदल्या रात्री बॅटरी लावली, पण भिंतीवरचं बटण दाबायला विसरलो. परतताना पद्मावतीच्या चढावर शेवटची रेघ लुकलुकली आणि विझली. भाऊ तरी न सांगता कॅरियर सोडायचा. हिने निदान लुकलुकून सांगितलं. बॅटरी संपली तरी सायकल चालते, असं पुस्तिकेत लिहिलं आहे आणि त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण मोटर आणि बॅटरीसकट वीस-बावीस किलोंचं धूड, जाड टायर, वर मी. माझा घोडाही तेवढाच जड आहे, पण त्याची मोठी चाकं चालायला राजी असतात. ही ओढत के. के. मार्केटपर्यंत आलो, तेव्हा फोन काढून "हो, हो, बोला" म्हणायचंही त्राण नव्हतं.

आठव्या दिवशी पर्वतीवर निकाल द्यायचा होता. फसवणूकवाल्यांना मी इंग्लंडातली गोष्ट सांगितली. तिथे ५० ते ८३ वयाच्या लोकांना आठ आठवडे सायकली चालवायला लावल्या होत्या, काहींना साध्या, काहींना विजेच्या. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. डोकं तल्लख राहण्याच्या काही चाचण्यांत विजेवालेही साध्यांच्या मागे पडले नव्हते. ते म्हणाले, "डोक्याचं असू दे, गुडघ्याचं काय?" गुडघ्याचं असं, की आठ दिवसांत चौथा दिवस सोडला तर गोळी लागली नाही. आणि शर्ट रोज ओला होत होता, म्हणजे पायडल कुणीतरी मारत होतं. तेव्हा उतारावर राहणाऱ्याने, गुडघा शाबूत असणाऱ्याने किंवा तीन जिने सायकल उचलून न्यावी लागते अशाने हे पैसे घालू नयेत. घर चढावर असेल आणि सायकल सोडायची वेळ आली असेल, त्याने पंचांग न बघता घ्यावी.

मी घेतली. खाली वाकलेल्या दांडीची, निळी. घोडा जिन्याखाली आहे. रविवारी दूध आणायला जातो. सकाळी उतारावर मोटर बंद असते. संध्याकाळी स्वारगेटपासून एक नंबर, पद्मावतीपासून दोन. तिसरा उच्छ्वास कोथिंबिरीसाठी कायम ठेवला आहे, दुसरा चहावाल्याला वाईट वाटू नये म्हणून. तीन नंबरला अजून हात लावलेला नाही. तो पंचाहत्तरीसाठी राखून ठेवला आहे.