बिनअर्जाची गोदावरी

नाशिकमध्ये घराचे सांडपाणी रीतसर भुयारी गटारीला जोडायचे तर अर्ज, घरपट्टीची पावती, नकाशा, परवानाधारक प्लंबर आणि रस्ता फोडण्याचे शुल्क, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेच पाणी रातोरात वाघाडी नाल्यात किंवा नासर्डी नदीत सोडणाऱ्याला चिटोराही लागत नाही. पुढे गोदावरी आहेच. ती कुणाची थकबाकी विचारत नाही. तपोवन, आगरटाकळीला मलनिस्सारण केंद्रे असूनही तिच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ मध्ये जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला, यात नवल ते काय?

परवानगी हवीच, असे अभियंते म्हणतील, आणि ते खरेच आहे. उतार चुकला की गटार तुंबते. गच्चीचे पाणी मलवाहिनीत शिरले की मोठ्या पावसात चेंबर रस्त्यावर ओसंडतात. पण तपासणी फक्त महापालिकेच्या खिडकीशी आलेल्याचीच होणार असेल, तर तो नियम नव्हे, प्रामाणिकपणावरचा कर झाला. अर्ज सोपा करा आणि नजर नाल्यावर ठेवा. तेवढे जमत नसेल, तर सिंहस्थ कुंभमेळ्यापूर्वी नाल्याकाठीही एक खिडकी उघडून तीन प्रतींत अर्ज मागवा. निम्मे लोक कंटाळूनच परत फिरतील आणि गोदावरी विनानिधी स्वच्छ होईल.