भरपूर उजेड, सेपरेट टेरेस

भाड्याचं घर दाखवताना पुण्यातला एजंट कुलूप काढल्यावर आधी पडदे सारतो. 'बघा सर, दिवसा लाइट लावायलाच नको!' सकाळी साडेनवाची वेळ त्यानेच ठरवलेली असते, त्यामुळे नसतोच लावावा लागत. मग तो टेरेसचं दार उघडतो. पावसाने फुगलेलं ते दार जरा वर उचलून, खांदा लावून ढकलावं लागतं; पण एकदा उघडलं की पलीकडे आभाळ दिसतं, आणि भाडं कमी करून मागायचं राहूनच जातं.

कोथरूडमधला तो चौथा मजला मी असाच घेतला. करार 11 महिन्यांचा. या अकराची मोठी गंमत आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्राने 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार कितीही मुदतीचा असो, लेखी करून नोंदवणं सक्तीचं केलं, वर ती जबाबदारी घरमालकावर टाकली. पळवाट बुजली, अकरा महिने तेवढे राहिले. बारावा महिना कुणी लिहायला धजत नाही.

करारासोबत सामानाची यादी होती. पंखे, ट्यूब, गीझर, किचनमधला एक्झॉस्ट, सगळं नग मोजून. उजेडाचा उल्लेख कुठेच नाही. जास्तीचं भाडं मी खरं तर त्याचंच भरतो, आणि नेमका तोच मालकाच्या हातात नाही. मेच्या मध्यावर पुण्यात एके दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या सुमारास टेरेसवर कपडे वाळत घालायला गेलं की शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिला रुमाल वाळलेला असतो. डिसेंबरात उलटं. तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो. 22 डिसेंबरला भर दुपारीही तो जेमतेम 48 अंशांवर असतो आणि इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. आमच्या दक्षिणेची तीन मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय. नवी इमारत किती मजली होणार याचा बोर्ड मी वाचलाय. थंडीतल्या उन्हाचं काय होणार, हे समजायला तेवढं गणित पुरे.

सेपरेट म्हणजे फक्त आपलं, असाही एक समज असतो. मे महिन्यात मालकीणबाईंचा फोन येतो, 'जरा कुरडया घालून जाते हं, तुमच्याकडे ऊन छान येतं.' त्या चिकाचं पातेलं, सोऱ्या आणि प्लॅस्टिकचा कागद घेऊन येतात, पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लावतात आणि राखण माझ्यावर सोपवून जातात. कबुतरं तर करार न करताच राहतात. आणि खालचे काका. 'तुमच्या कुंड्यांमुळे आमच्या हॉलला ओल आलीय,' म्हणत त्यांनी मला खाली नेऊन छत दाखवलं. नाकारता येण्यासारखं नव्हतं. वॉटरप्रूफिंग मालकाने करायचं की सोसायटीने, यावर दोन सर्वसाधारण सभा झाल्यात. तोवर प्रत्येक कुंडीखाली मी ताटली ठेवतो, आणि काका आठवड्याला एकदा वर येऊन ताटल्या बघून जातात. येतात ते चहाच्या वेळेला. हल्ली कढीलिंबही नेतात.

एवढं सगळं असून संध्याकाळी सहा ते साडेसात मी टेरेसवरच असतो. कुंडीतला मोगरा, तारेवरचा ओला टॉवेल, समोरच्या गच्चीवर अभ्यासाच्या नावाखाली फेऱ्या मारणारी मुलगी. या दीड तासाचं भाडं वेगळं काढलं असतं, तर मी घासाघीस केली नसती.

हे मालकांनी ओळखलेलं दिसतं. कराराचं नूतनीकरण जवळ आलं तसा त्यांचा निरोप आला : भाडं दहा टक्के वाढेल. आता टेरेस गार्डनही आहे ना! नाही परवडलं तर दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल म्हणून एजंटने जाहिरात तयारच ठेवलीय. तिच्यातल्या फोटोत माझा मोगरा आहे, माझी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. दोरीवरचा टॉवेल तेवढा त्याने काढायला लावला होता.