धारप सापडले हो!

ऑक्टोबर २०१८मध्ये ‘तुंबाड’ हा चित्रपट पडद्यावर आला आणि रसिकांना एकदम भयकथाकार नारायण धारप सापडले. ते हरवले कधी होते, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन विचारा. तिथे धारपांची ओळख एकच: पुठ्ठा गेलेला, पानं सुटलेली, पण पुस्तक कायम बाहेर. ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही बर्वे यांनाही चित्रपटामागची धारपांची कथा १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्रानेच ऐकवली होती. वाचक एकमेकांना त्या गोष्टी सांगत होते, तेव्हा समीक्षक ‘भुताखेतांचं लिहितात’ म्हणून नाक मुरडत होते. ‘नेनचिम’सारखी विज्ञानकादंबरीही त्याच फडताळात ढकलली गेली. धारप २००८मध्ये गेले, मग कौतुकाला कसलीच अडचण उरली नाही.

‘तुंबाड’नंतर तीनच महिन्यांनी यवतमाळला साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना आधी आवतन, मग ‘येऊ नका’! इतकं अतर्क्य कथानक धारपांनाही सुचलं नसतं. विज्ञानकथाकाराला संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं ते २०२१मध्ये, नाशिकला. पण त्यासाठी जयंत नारळीकरांना आधी जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ व्हावं लागलं.

आता धारपांची जुनी आवृत्ती शोधत फिरणाऱ्यांना एकच विनंती. वाचनालयातून नेलेली प्रत आधी परत करा, दंडाचं आम्ही बघू.