वाया काहीच जाऊ नये

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीच्या घरात वाढलेल्या माणसाला काटकसरीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. धडकी वस्तू टाकून देणे हे तिच्या लेखी पापच होते. अमेरिकेची ख्याती याच्या नेमकी उलट, वापरा आणि फेकून द्या अशी. पण ही ख्याती त्या देशावर अन्याय करणारी आहे. तिथल्या केंटकी राज्याने एका वस्तूपुरती का होईना, आजीची शिकवण थेट कायद्यात लिहून ठेवली आहे. ती वस्तू म्हणजे बंदूक.

आपल्याकडे पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल वर्षानुवर्षे गंजत पडलेला असतो. मोटारसायकलींवर वेली चढतात. केंटकीत अशी नासाडी होत नाही. गुन्ह्यात जप्त झालेली बंदूक खटला संपला की राज्य पोलिसांकडे जाते, तिचा लिलाव होतो आणि परवानाधारक विक्रेते बोली लावून ती नेतात. आलेल्या पैशाचा मोठा हिस्सा गावोगावच्या पोलिसांना गोळीरोधक जाकिटे घेण्यासाठी अनुदान म्हणून मिळतो. या योजनेतला समतोल पाहून मन भरून येते. बंदूक बाजारात परतते आणि तिच्याच किमतीतून तिच्यापासून वाचण्याची सोय होते. आपल्या कोणत्याही अर्थसंकल्पात जमा आणि खर्च इतके एकमेकांना सांभाळून बसलेले मला आठवत नाहीत.

१० एप्रिल २०२३ रोजी या राज्यातल्या लुईव्हिल शहरात एका बँकेच्या कर्मचाऱ्याने बँकेतच पाच सहकाऱ्यांना ठार मारले. सहा दिवस आधी रीतसर दुकानातून घेतलेली एआर-१५ रायफल त्याने वापरली. धावून आलेल्या पोलिसांत प्रशिक्षण संपवून जेमतेम दहा दिवस झालेला एक तरुण होता. त्याच्या डोक्यात गोळी लागली. तो वाचला. यानंतर महापौर क्रेग ग्रीनबर्ग यांनी जाहीरपणे सांगितले, की राज्याच्या कायद्याप्रमाणे हीच रायफल एक दिवस लिलावात निघेल. महापौरांना ते रुचलेले नव्हते. आदल्या वर्षी निवडणूक प्रचाराच्या कार्यालयात त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि एक गोळी स्वेटर चाटून गेली होती, हे लक्षात घेतले तर त्यांची भावना समजू शकते. शहराने तेवढ्यापुरता एक मार्गही आधीच काढला होता. बंदुका राज्याकडे सोपवण्यापूर्वी त्यांची फायरिंग पिन काढून घ्यायची. बंदूक नष्ट करणे कायद्यात बसत नाही, पण पिन काढणे बसते. लोकांनी निवडून दिलेल्या महापौराच्या हाती एवढा अधिकार राहिला आहे, हेही नोंदवायला हवे. ती पिन लिलावात बंदूक घेणारा विकत आणून पुन्हा बसवू शकतो, म्हणजे त्याच्याही हक्काला बाधा येत नाही.

जप्त बंदुकीला दुसरे आयुष्य मिळाले की ती किती दूरवर जाते, हे पाहायचे तर टेनेसी राज्यातल्या मेम्फिसकडे वळावे. ४ जानेवारी २०१० रोजी लास व्हेगासच्या केंद्रीय न्यायालयात शिरून एकाने गोळीबार केला, त्यात न्यायालयाचा सुरक्षारक्षक मरण पावला. ती शॉटगन १९९८ मध्ये मेम्फिसच्या परिसरात जप्त झालेली होती आणि शेरीफच्या कार्यालयाने लिलावात विकलेली होती. बरोबर दोन महिन्यांनी, ४ मार्चला, वॉशिंग्टनजवळ पेंटागॉनच्या दाराशी दोन पोलीस जखमी झाले. ते पिस्तूल मेम्फिस पोलिसांनीच २००८ मध्ये एका विक्रेत्याला देऊन त्याच्या बदल्यात कामाची दुसरी बंदूक घेतली होती. एकाच शहराच्या कोठारातला माल देशाच्या दोन टोकांना, दोन्हीकडे सरकारच्या दारात पोहोचला. टपाल खात्यालाही हेवा वाटावा.

टेनेसीच्या राज्यकर्त्यांनी यावर तातडीने लक्ष घातले. त्याच मार्च महिन्यात राज्यात सुधारित कायदा झाला. तोवर जप्त बंदूक नष्ट करायची की नाही हे पोलीस ठरवू शकत होते. नव्या कायद्याने तो पर्याय काढून घेतला. बंदूक बिघडलेली किंवा वापरायला धोकादायक असेल तरच मोडावी, असे त्यात म्हटले आहे. हा निकष मला फार विचारपूर्वक ठरवलेला वाटतो. चालणारी बंदूक धोकादायक नसते. धोका न चालणाऱ्या बंदुकीचा असतो.

अॅरिझोनातल्या ट्यूसन शहराला हे समजायला वेळ लागला. ८ जानेवारी २०११ रोजी तिथल्या एका दुकानाबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स मतदारांना भेटत असताना गोळीबार झाला. त्या स्वतः गंभीर जखमी झाल्या आणि सहा जण मेले. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. दुसऱ्या स्मृतिदिनी शहरातल्या लोकांनी रांगा लावून आपापल्या बंदुका आणून दिल्या. प्रत्येकीमागे किराणा दुकानाचे ५० डॉलरचे कार्ड होते. आणणाऱ्यांची इच्छा एवढीच, की ही वस्तू पुन्हा कुणाच्या हाती लागू नये. बंदुका वितळवल्या गेल्या. राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा करून असा अपव्यय थांबवला. लोकांनी स्वखुशीने दिलेली बंदूकही विकलीच पाहिजे, असा तो कायदा. शहर तरीही बंदुका मोडत राहिले, सुमारे ४,८०० मोडल्या. अखेर २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराविरुद्ध निकाल दिला. पन्नास डॉलरचा किराणा घेऊन जी बाई यापुढे आपल्या घरातली बंदूक कायमची घालवू पाहील, तिचीही बंदूक आता वाया जाणार नव्हती.

विकण्याची बाजू इतकी भक्कम असताना विकत घेण्याच्या बाजूने आडकाठी करणे शोभले नसते. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हेगारांना बंदूक घ्यायला बंदी केली, आणि मग पुढची पंचवीस वर्षे आपण गुन्हेगार नाही असे ग्राहकाने अर्जावर लिहून दिले की बहुतेक ठिकाणी काम भागत असे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये झाडलेले रिव्हॉल्व्हर डॅलसमधल्या गहाणवटीच्या दुकानातून आले होते. त्या गोळीबारात कायमचे अपंग झालेले जेम्स ब्रेडी आणि त्यांच्या पत्नी सारा यांनी पुढची कित्येक वर्षे खटपट केली, तेव्हा १९९३ मध्ये खरेदीआधी पूर्वेतिहास तपासण्याचा कायदा झाला. तपास परवानाधारक दुकानदाराने करायचा. टेबल मांडून बसलेल्या खासगी विक्रेत्याला केंद्रीय कायदा ही तसदी देत नाही. पेंटागॉनच्या हल्लेखोराला कॅलिफोर्नियातल्या दुकानात तपासणीनंतर नकार मिळाला होता. तो नेवाडातल्या बंदुकांच्या प्रदर्शनात गेला, आणि तिथे एका खासगी विक्रेत्याने त्याला निराश केले नाही. कोलंबाइनच्या शाळेत १९९९ मध्ये तेरा जणांना मारणाऱ्या दोन मुलांसाठी त्यांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीने अशाच प्रदर्शनातून तीन बंदुका घेतल्या होत्या. तपासणी असती तर मी घेतल्याच नसत्या, असे तिने नंतर सांगितले.

तपासणी लांबली तरी ग्राहकाला ताटकळत ठेवायचे नाही, हीही कायद्याचीच माया. कामाच्या तीन दिवसांत उत्तर आले नाही तर दुकानदाराला बंदूक देण्याची मुभा आहे. रेशनकार्डातले नाव दुरुस्त करायला दोन वर्षे हेलपाटे घातलेल्या वाचकाला या मुभेचे मोल कळेल. २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनातला एक तरुण या तीन दिवसांत बसला. त्याच्या अटकेची नोंद कागदपत्रांच्या घोळात अडकली होती. ती वेळेत सापडली असती तर त्याला नकार मिळाला असता. जूनमध्ये तो चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसला. तिथल्या लोकांनी त्याला जागा करून दिली. त्यातल्या नऊ जणांना त्याने मारले.

आता लोकमताकडे येऊ, कारण लोकशाहीत शेवटचा शब्द लोकांचा असतो. खासगी विक्रीलाही तपासणी हवी का, असे अमेरिकेत अनेकदा विचारून झाले आहे, आणि बहुतेक पाहण्यांत दहापैकी आठ-नऊ जण हो म्हणतात. त्यात बंदूक बाळगणारेही भरपूर असतात. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर चार महिन्यांनी सिनेटमध्ये प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीला तपासणी लावणारी दुरुस्ती आली. बाजूने ५४, विरुद्ध ४६. साठ मते लागत होती, म्हणून ती पडली. चोपन्नपेक्षा सेहेचाळीस अधिक भरतात, हे गणित शिकायला आपल्या मुलांना अमेरिकेत पाठवणे रास्तच आहे. लोकमताचा अवमान मात्र कुणी केला नाही. ते विचारले गेले, मोजले गेले, छापले गेले. पुढच्या गोळीबारानंतर ते पुन्हा विचारले जाते, आणि आकडा फारसा हलत नाही, इतके ते स्थिर आहे.

क्वचित लोक थेट मतपेटीतूनही बोलतात. कोलोरॅडोत २००० साली सत्तर टक्के मतदारांनी प्रदर्शनांतली पळवाट बंद केली. मेन राज्याने २०१६ मध्ये खासगी विक्रीच्या तपासणीला थोडक्या मतांनी नकार दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या लुइस्टनला अठरा जण मारले गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे प्रदर्शनांतल्या व जाहिरात देऊन केलेल्या विक्रीला तपासणी लागली. मत बदलायला अठरा माणसे लागली. सँडी हूकच्या सव्वीसांनी सिनेट हलले नव्हते. मेनचा दर मोठा होता असे म्हणता येणार नाही.

आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज तिथल्या शाळांत आहेत. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती सांगतात, की शाळेत आज दिवे मालवून, दाराला कडी लावून, कोपऱ्यात आवाज न करता बसायचा सराव झाला. आजी विचारते, बाळा, घाबरलास का? नातू म्हणतो, नाही, हा फक्त सराव होता. तिथे दप्तरात घालायचे गोळीरोधक पत्रेही विकत मिळतात आणि आईबाप ते पदरच्या पैशाने घेतात. म्हणून केंटकीच्या कायद्यात एका छोट्या दुरुस्तीची विनंती करावीशी वाटते. लिलावातून आलेल्या पैशातली जाकिटे सध्या पोलिसांना मिळतात, त्यातला थोडा वाटा शाळांनाही मिळावा. लहान मापे शिवून घ्यावी लागतील, एवढीच अडचण. सँडी हूकची ती वीस मुले पहिलीत होती. माप तिथून घेता येईल.